शिरवडकरी भुंगेऱ्याचा मुलूख

“त्या डब्यात काय होतं, आबा?”

हा प्रश्न विचारला गेला, आणि अगदी याच शब्दांत विचारला गेला. खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. मी तिथेच पडवीत, हाताच्या अंतरावर बसलो होतो.

म्हणजे, बसलो नव्हतो. ज्या गाडीतून डॉक्टर इंगवले आले तिचा ड्रायव्हर माझा मेहुणा लागतो, तो होता. तोही पडवीत नव्हता. अंगणातल्या फणसाखाली गाडी लावून, सीट मागे पाडून झोपला होता. पण त्याचे कान कधी झोपत नाहीत. त्याने मला जे सांगितलं त्यातलं एक अक्षर मी बदललेलं नाही. बदललं असेल तर फार तर चार-दोन.

विचारणारे डॉक्टर प्रल्हाद इंगवले, पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेतले किड्यांचे मोठे प्राध्यापक. कडक इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा.

ज्यांना विचारलं ते आबा शिरवडकर. इंगवल्यांचे गुरू. अंगात बंडी, मांडीवर पंचा, पुढ्यात सूपभर चवळी. माघ संपत आला होता आणि आबा नव्या चवळीला चुलीतली राख चोळत होते. कोकणात अशी राख चोळून ठेवतात, म्हणजे भुंगेरा लागत नाही.

“कुठला डबा?” आबांनी मान वर केली नाही.

“तुम्हाला माहीत आहे कुठला.”

“डबे पुष्कळ आहेत रे घरात. इतक्या वर्षांनी आलास, आधी पाणी पी.”

“पाणी नको.”

“मग गूळ खा नुसता.”

“आबा…”

आबा राख चोळत राहिले.

कुठला डबा, ते आपण सांगू. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आबा पूर्वी कॉलेजात शिकवत. निवृत्त झाले आणि कासारकोंडला, आपल्या गावी येऊन राहिले. भुंगेऱ्यांतला माणूस, त्यातही बियांत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांतला. गावी आले तरी शिकायला येणारी पोरं थांबेनात, आणि दारात आलेल्याला आबांनी कधी नाही म्हटलं नाही. कोणी देशावरून यायचा, कोणी गोव्याकडून. यायचा तो राहायचाच.

घर तीन खोल्यांचं. रात्री पोरं ओळीने झोपत, आणि एकाने कूस बदलली की सगळ्या ओळीला बदलावी लागे.

सूक्ष्मदर्शक एकच. त्यावरही ओळ. आपला नंबर लागून डोळा टेकवावा, भुंगेऱ्याच्या मागच्या मांडीवरचा दात जरा दिसायला लागावा, तोच मागचा खांद्यावर हात ठेवी.

या ओळीत इंगवले होते. सगळ्यांत हुशार. हे त्यांना ठाऊक होतं, बाकीच्यांनाही ठाऊक होतं. आबांना ठाऊक होतं की नाही, हे मात्र इंगवल्यांना कधी कळलं नाही. आबा त्यांना कधी वामन म्हणत, कधी सदा म्हणत. इतक्या पोरांत नावांची सरमिसळ व्हायचीच. वामनला त्याचं काही वाटत नसे.

इंगवल्यांना वाटे.

एकदा ते माळ्यावर काही शोधायला चढले. तिथे एक पत्र्याचा डबा दिसला, झाकण गच्च बसलेलं. त्यांनी ते चमच्याच्या दांड्याने उचकटलं.

आतून धूर निघावा तसे भुंगेरे निघाले.

आता चवळीतला भुंगेरा तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. कडधान्य निवडताना बोटाने ढकलला तर पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. फार झालं तर सुपाच्या काठापर्यंत चालत जातो. हे तसले नव्हते. हे उडाले, सरळ खिडकीच्या उजेडाकडे. पंख लांब, अंग हलकं, रंग निराळा, पाठीवर पांढरट लव.

इंगवल्यांनी हाताला लागले तेवढे पकडले. डब्यात खाली नुसतं पीठ आणि टरफलं उरली होती. बी कुठलं ते ओळखू येऊ नये इतकं खाल्लेलं.

त्या दिवसांत आबा डोंगरावरच्या रानशेंगा गोळा करून ठेवत. तेव्हा डब्यात रानशेंगांचं बी असणार, असं इंगवल्यांनी ठरवलं. कोणाला विचारलं नाही. ओळीत जाऊन विचारायचं, तर शोध ओळीचा झाला असता.

त्यांनी चोरून, पहाटे सूक्ष्मदर्शक मोकळा असताना, त्या भुंगेऱ्याच्या एकेका अवयवाची चित्रं काढली. नवी प्रजाती म्हणून निबंध लिहिला. वर्गीकरणात ती नेहमीच्या चवळीच्या भुंगेऱ्याशेजारी ठेवली, पण वेगळी. अन्न, रानशेंगेचं बी. मुलूख, कासारकोंडचा डोंगर. जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि प्रजातीला नाव दिलं गुरूचं.

शिरवडकरी भुंगेरा.

निबंध परदेशात छापून आला. कासारकोंडच्या वेशीवर गावाने कमान उभारली आणि तिच्यावर म्हशीएवढा भुंगेरा रंगवला. एसटीचे ड्रायव्हर वळणावर तो बघून ब्रेक मारत.

इंगवल्यांनी छापील निबंध आबांच्या हातात दिला तेव्हा पंगत बसलेली होती. आबांनी डावा हात पंचाला पुसला, निबंध घेतला. चित्राकडे फार वेळ बघत राहिले.

“पंख छान काढलेस,” ते म्हणाले.

इंगवले पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले.

आबांनी आमटी वाढायला सांगितली.

बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत इंगवले पहिल्या एसटीने निघून गेले, ते गेलेच. पत्र नाही, सणाला निरोप नाही. पुण्यात मोठे झाले, परदेशी जाऊन आले, डोक्यावरचे केस गेले. पण वर्गात पहिल्या तासाला दरवर्षी सांगत, “एक भुंगेरा आहे, जो जगात एकाच डोंगरावर राहतो.” दरवर्षी मुलांना त्या डोंगरावर पाठवत. मुलं दरवर्षी रिकाम्या बाटल्या घेऊन परत येत.

“दुर्मीळ आहे,” इंगवले म्हणत. “दिसत नाही, यावरूनच कळतं.”

आणि आज, इतक्या वर्षांनी, ते आबांच्या पडवीत उभे होते.

“तुझ्याकडे काही झालंय,” आबा म्हणाले.

इंगवले पायरीवर टेकले. इस्त्रीचा विचार त्यांनी सोडून दिला.

“एक मुलगी आहे. तबस्सुम बागवान. माझ्याकडे पीएच.डी. करते.”

“हुशार?”

“…हो.”

“पुढे.”

“तिने चवळीचे साधे भुंगेरे पाळले. बाटल्यांमधून. काही बाटल्यांत चवळी पुष्कळ आणि भुंगेरे थोडे. काहींत भुंगेरे पुष्कळ आणि चवळी मूठभर.”

आबांचा हात सुपात थांबला.

“गर्दीच्या बाटलीत एकेका दाण्यावर अंड्यांचा खच पडला. एका दाण्याच्या आत अळीला अळी खेटून वाढली. पिढ्यांमागून पिढ्या तसंच. आणि मग…”

“मग?”

“मग त्याच बाटलीत निराळेच निपजायला लागले. लांब पंखांचे. हलके. अंडी कमी घालणारे. झाकण काढलं की उजेडाकडे उडणारे.” इंगवल्यांनी चष्मा काढला. “ती मला म्हणाली, सर, ही तुमची प्रजाती आहे. कोणी गेल्याची बातमी द्यावी, तशा आवाजात म्हणाली.”

फणसाखाली मेहुण्याने कूस बदलली. तेवढाच आवाज.

“एकाच आईची पोरं,” आबा हळूच म्हणाले.

“ते तिचं म्हणणं आहे! अजून छापलेलं नाही. कागद माझ्याकडे आहेत. वाचतो म्हणून सांगितलंय तिला.”

“वाचलेस?”

“पाठ झालेत.”

“मग माझ्याकडे का आलास?”

इंगवले पुढे सरकले. आवाज खाली आला. गाडीतल्या मेहुण्याला कान टवकारावे लागले, असं तो सांगतो.

“आबा, तो डबा तुमचा होता. आत काय भरलं होतं हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. रानशेंगांचं बी होतं, एवढं तुम्ही लिहून दिलंत, तर प्रजाती उभी राहते. रानशेंगेतून आलेला भुंगेरा चवळीचा कसा असेल? तिच्या बाटलीत काहीतरी मिसळलं, असं म्हणता येईल.”

“म्हणता येईल.”

“हो.”

“आणि ती?”

“दुसरा विषय घेईल. लहान आहे अजून.”

“तू केवढा होतास?”

इंगवल्यांनी चष्मा परत लावला.

“तुमचंही नाव आहे त्यात, आबा,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा तुमचं जास्त. प्रजाती गेली की नाव पुसलं जाईल.”

आबा हसले. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरलं.

“पुसलं कसं जाईल? माझंच ना ते? इतकी वर्षं तू वापरलंस. आता नको असेल तर परत दे.”

“चेष्टा करू नका.”

“चेष्टा नाही रे. पोस्टमन कधीकधी विचारतो, भुंगेरावाले शिरवडकर तुम्हीच का. मला तेव्हा तू आठवतोस… हात दे.”

“काय?”

“हात दे इकडे. माझी बोटं आता वळत नाहीत. राख चोळ.”

इंगवल्यांनी बाह्या मागे सारल्या. पुण्याच्या सभागृहांतून ज्या हातांनी त्यांनी हार घेतले होते, ते मनगटापर्यंत राखेत गेले. चवळीचे दाणे बोटांमधून खळखळले.

“अशी नव्हे. तळवे फिरव. प्रत्येक दाण्याला लागली पाहिजे.”

“येतं मला.”

“येत होतं. विसरलास.”

चोळून झालं. आबांनी बाजूचा डबा पुढे सरकवला, “भर,” म्हणाले. इंगवले सुपाने चवळी डब्यात ओतू लागले. डबा अर्धा झाला. ते ओतत होते.

आबांनी त्यांचं मनगट धरलं.

“पुरे.”

“अजून सूपभर मावेल, आबा.”

“मावेल. एकदा असाच गच्च भरला होता.”

आणि त्यांनी अर्ध्या डब्यावर झाकण ठेवलं. उरलेली चवळी दुसऱ्या, मोकळ्या डब्यात ओतायची खूण केली.

इंगवल्यांचा हात हवेत राहिला. सुपातली राख त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडत होती, ती त्यांनी झटकली नाही. ते बंद डब्याकडे बघत होते, मग आबांकडे बघू लागले.

“चवळीच होती,” ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

“चवळीच.”

“तुम्ही निबंध हातात घेतलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं.”

“चित्र बघितलं तेव्हा. पंख तू खरोखर छान काढले होतेस.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” इंगवल्यांचा आवाज चढला. एवढा मोठा माणूस, पण आवाज कोवळा झाला, ओळीतल्या पोराचा. “एक शब्द! एका शब्दाने भागलं असतं. मी आयुष्यभर त्या डोंगरावर पोरांना चढवत राहिलो, आबा. नसलेला भुंगेरा शोधायला!”

आबा अंगणाकडे बघत राहिले. ऊन फणसाच्या पलीकडे गेलं होतं.

“पंगत बसली होती,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या देखत कसं सांगू? म्हटलं, सकाळी सांगू. एकट्याला जवळ बसवून… सकाळी तुझी वळकटी बांधलेली होती.”

“तेवढ्यावरून मी निघून गेलो…”

“तेवढ्यावरून नाही.”

“मग?”

आबांनी पंचाने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

“तू गेलास तेव्हा पोरं म्हणाली, इंगवल्या पहिल्यापासूनच वेगळा होता. मीही हो म्हटलं. सोपं होतं ते. तू वेगळा नव्हतास, प्रल्हाद. वामनसारखाच होतास, सदासारखाच. घरात पाय पसरायला जागा असती तर तूही इथेच लोळत पडला असतास, मला उलट बोलत, आमटीला नावं ठेवत…”

“तुम्ही आम्हाला सगळं दिलंत, आबा.”

“सगळ्यांना दिलं. त्याचं दाण्या-दाण्यावर काय झालं, ते बघितलं नाही.”

इंगवल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राखेच्या हातांनी पुसलं, त्याने तोंडही राखेने माखलं.

“आता काय करू?”

“तुझी प्रजाती, तू बघ.”

“ती बुडाली. आजच लिहितो तसं, माझ्या सहीने. दुसऱ्या कोणी लिहिण्याआधी मीच लिहिलं पाहिजे.” इंगवले उठले. पाठ ताठ झाली. चूक कबूल करण्यातही पहिला नंबर लागतो, हे त्यांना तेवढ्यात सुचलं असावं. “मीच माझी प्रजाती मोडीत काढली, असा निबंध. लोक नाव काढतील.”

“आणि ती मुलगी?”

“तिचे आभार मानीन ना. शेवटी, स्वतंत्र परिच्छेदात.”

आबा त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.



इंगवल्यांची पाठ हळूहळू पुन्हा वाकली. ते पायरीवर परत बसले.

“…नाही,” ते म्हणाले. “तिनेच लिहायला हवं. पण आबा, ती आता लिहिणार नाही. मी कागद अडकवून ठेवले. कालपासून ती संस्थेत आलेली नाही. बंगलोरला कुठे जागा मिळते का बघतेय, असं ऐकलं. फोन घेत नाही.”

“काय सांगणार होतास फोनवर?”

“परत ये म्हणून. तुझा निबंध तुझ्याच नावाने छापू म्हणून.”

“किती पोरं आहेत तुझ्याकडे?”

“पुष्कळ.” सवयीने त्यांच्या आवाजात जरा अभिमान आला. “दरवर्षी वाढतात. मी कोणाला नाही म्हणत नाही.”

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

आबांनी मान खाली घातली.

आता इथे मला एक कबूल करायला हवं. गावाच्या वेशीवर कमान नाही. म्हशीएवढा भुंगेरा मी रंगवला, तो एसटीच्या ड्रायव्हरांनी माफ करावा. इंगवल्यांच्या डोळ्यांतलं पाणीही बहुधा माझंच. मेहुण्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी नुसता चष्मा पुसला.

पण ते काही फार नाही. खरी थाप आहे ती एकच. “सकाळी सांगू,” असं आबा म्हणाले, ते मी घातलं. आबा तसं म्हणाले नाहीत. इंगवल्यांनी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत. आणि आबा अंगणाकडे बघत गप्प बसले. खूप वेळ. मेहुण्याला वाटलं, म्हातारा झोपला. त्या गप्प बसण्याचं काय करावं हे मला कळेना, आणि इंगवल्यांची कीव आली, म्हणून मी आबांच्या तोंडी एक सकाळ दिली. तेवढी काढून टाका, आणि गोष्ट वाचा. जड जाते. पण तशीच घडली आहे.

शेवट मात्र माझा नाही.

इंगवले निघताना दारापर्यंत गेले आणि परत आले. हात जोडले. राखेचे हात.

“परत आलीच ती, तर तिला काय सांगू, आबा?”

आबांनी विचारलं, “संस्थेत ती बसते कुठे?”

इंगवल्यांनी तोंड उघडलं. खोल्या आठवल्या, टेबलं आठवली, खिडक्या आठवल्या. मुलांच्या पाठी आठवल्या, ओळीने. त्यांत तिची कुठली, ते येईना.



“सांगू नकोस काही,” आबा म्हणाले. “तुझी खोली तिला दे. तू बाहेर बैस.”